परदेशातून वाडीच्या पाण्यासाठी पैसे पाठवायचे असतील तर

मी राजापूर तालुक्यातल्या एका वाडीची, गेली सव्वीस वर्षं लंडनजवळ राहते. पावसात दुथडी वाहणारा आमचा पऱ्या फेब्रुवारीतच आटतो आणि मे महिन्यात बायका डोक्यावर हंडा घेऊन घाटी चढतात. इथल्या आम्ही नऊ कुटुंबांनी मिळून वाडीला विहीर, पंप आणि टाकी करून दिली. तुम्हालाही गावासाठी असं काही करायचं असेल, तर वर्गणी काढण्याआधी दोन कागद बघा: जागेचा सातबारा आणि देणाऱ्याचा पासपोर्ट.

आधी सातबारा. कोकणात जमीन सामाईक. एका तुकड्यावर वीस-पंचवीस नावं, निम्मी मुंबईत, काही माणसं वारलेली आणि वारसनोंद झालेलीच नाही. आम्ही तोंडी होकारावर विसंबून पाइप आणले. चर खणायला घेतला त्या दिवशी एका हिस्सेदाराच्या मुलाने हरकत घेतली. तो चुकला नव्हता, त्याला कोणी विचारलंच नव्हतं. पाइप शाळेच्या पडवीत दोन पावसाळे पडून राहिले, आणि त्या दोन्ही उन्हाळ्यांत माझी काकू घाटी चढतच होती.

म्हणून सांगते, गणपतीत गावी जा. तेव्हा सगळे हिस्सेदार घरी असतात. घरोघरी बसून बोला, वारसनोंदीचे अर्ज तलाठ्याकडे द्यायला लावा. टाकीची जागा ग्रामपंचायतीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्राने करून घ्या, नुसत्या संमतीपत्रावर थांबू नका. परदेशातल्या हिस्सेदाराचं कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित होतं. ते भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं, हे विसरू नका. मग ग्रामसभेचा ठराव. त्यात काम कोण करणार याबरोबर पुढे पंप कोण चालवणार हेही लिहून घ्या.

आता पासपोर्ट. भारतीय नागरिकाने परदेशातल्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी ‘विदेशी योगदान’ धरली जात नाही. ती गावच्या नोंदणीकृत मंडळाला थेट देता येते. पण ब्रिटिश पासपोर्ट घेतला, मग ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्ड असलं तरी, कायद्याच्या दृष्टीने तुम्ही विदेशी. तुमचे पैसे २०१०च्या विदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येतात. २०२०च्या दुरुस्तीनंतर असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा होतात आणि ती संस्था ते पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेकडून वाडीच्या मंडळाला पैसे वळवायचा रस्ता बंद. काम त्या संस्थेनेच उभं करायचं.

आमच्या नऊपैकी पाच घरांकडे भारतीय पासपोर्ट होते. त्यांनी आपापल्या खात्यातून वेगवेगळे पैसे पाठवले आणि मंडळाने प्रत्येकाच्या पासपोर्टची प्रत पावतीला जोडली. बाकी चौघांनी इथल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फत दिले. तिथे ‘गिफ्ट एड’ या ब्रिटिश करसवलतीमुळे प्रत्येक पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स वाढतात. त्या पैशांतून नोंदणी असलेल्या एका भारतीय संस्थेने विहिरीचं बांधकाम केलं. सगळ्यांचे पैसे एका खात्यात मिसळायचा मोह मात्र टाळा. आणि नियम बदलतात, त्यामुळे दर वर्षी सीएला विचारा.

नळ कुठे बसवायचे हे पाणी भरणाऱ्या बायकांना विचारा. आमच्या आराखड्यात नळ देवळाजवळ होता, त्यांनी तो वरच्या आळीत नेला, कारण म्हाताऱ्या बायका तिथे राहतात.

पंपाचं वीजबिल आम्ही देत नाही. वाडी घरटी महिन्याला १०० रुपये काढते आणि वहीच्या पानाचा फोटो आम्हाला येतो. पाऊस ओसरला की वाडीतली माणसं पऱ्यावर वनराई बंधारा घालतात. त्याला सिमेंटची रिकामी पोती, माती आणि दोन दिवसांचं श्रमदान पुरतं. आमच्याकडून त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.