अ‍ॅलर्जीची चाचणी आणि इंजेक्शनं: या चुका टाळा

या चाचणीत हातावर धूळ, परागकण, शेंगदाणे अशा पदार्थांच्या अर्काचे थेंब ठेवून सुईनं हलकं टोचतात; अ‍ॅलर्जी असली की तिथं गांध, म्हणजे खाजरी फुगवटी, उठते. चाचणीत सगळ्यात जास्त नडते ती सर्दीची गोळी. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन या गोळ्या चाचणीच्या साधारण सात दिवस आधी बंद लागतात. मेडिकलवरून आणलेल्या सर्दी-खोकल्याच्या मिश्र गोळीत किंवा सिरपमध्ये बऱ्याचदा क्लोरफेनिरामिन असतं, ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. असं औषध अंगात असलं की हातावर गांध उठतच नाही. त्यासाठीच हिस्टामिनचा, म्हणजे एरवी कुणालाही गांध उठवणाऱ्या द्रव्याचा, एक थेंब मुद्दाम लावतात. तिथंही गांध उठली नाही, तर बाकीचे सगळे 'निगेटिव्ह' धरायचे नाहीत. पुढची तारीख घ्यायची.

दम्याचा पंप मात्र बंद करू नका. दम चाळवलेला असेल तर चाचणीच पुढे ढकला. बीपीसाठी अ‍ॅटेनोलोल, मेटोप्रोलोल चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, पण गोळी आपल्या मनानं सोडू नका. रिअ‍ॅक्शन आलीच, तर या गोळ्यांमुळे त्यावर देतात त्या अ‍ॅड्रेनालिनचा गुण कमी पडू शकतो.

१५ ते २० मिनिटांनी मोजपट्टी लावून गांध मोजतात. तुलनेसाठी लावलेल्या सलाइनच्या (मिठाच्या पाण्याच्या) थेंबापेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठी असली की पॉझिटिव्ह. पण पॉझिटिव्ह म्हणजे अ‍ॅलर्जी असेलच असं नाही. शेंगदाण्याला गांध उठली, पण रोज शेंगदाण्याची चटणी खाऊन काहीच होत नसेल, तर निव्वळ कागद बघून शेंगदाणे सोडू नका. त्रास कधी होतो हे लिहून न्या: गाजर गवत फुलल्यावर, सोयाबीनच्या मळणीत, कडबा हलवताना, की बारा महिने अंथरुणातून उठल्या उठल्या? बारमाही शिंकांमागे बऱ्याचदा गादीतली धुळीची कीड असते. मळणीची धूळ तर अ‍ॅलर्जी नसली तरी नाकाला झोंबते. त्यावर इंजेक्शन नाही, नाकातोंडाला नीट बसणारा मास्क लागतो.

ज्याची अ‍ॅलर्जी आहे तोच पदार्थ अगदी थोड्या डोसपासून वाढवत टोचतात, शरीराला त्याची सवय व्हावी म्हणून; तीच ही इंजेक्शनं. त्यांच्या बाबतीत जिवावर बेतणारी चूक एकच: एसटी चुकेल म्हणून टोचल्या टोचल्या निघून जाणं. ३० मिनिटं दवाखान्यातच थांबा. तळहात खाजणं, घसा आवळणं, खोकल्याची उबळ, गरगरणं, यातलं काहीही झालं तर लगेच सिस्टरला हाक मारा. तेव्हा मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनालिन द्यावं लागतं. ते जिथं तयार नसतं, तिथं ही सुई घेऊच नका. घरी किंवा गावातल्या कंपाउंडरकडून तर नाहीच. दंडावर थोडी सूज येणं साधं आहे, पण पुढच्या वेळी डॉक्टरांना ती दाखवा किंवा सांगा.

इंजेक्शनाच्या औषधाची बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. फ्रीझरमध्ये किंवा थेट बर्फावर ठेवली की ती बाद. उन्हाळ्यात वीज तासन् तास जाते, तेव्हा बाटली दवाखान्यातच ठेवलेली बरी.

सुरुवातीचे काही महिने बहुधा दर आठवड्याला, मग महिन्याला एक, असा कोर्स ३ ते ५ वर्षांचा असतो. वर्षभरात बरं वाटलं म्हणून सोडला, तर त्रास परत फिरू शकतो. पेरणीच्या किंवा लग्नाच्या गडबडीत डोस चुकला तर तेवढाच डोस पुढे चालू ठेवू नका. खंड किती पडला ते डॉक्टरांना सांगा, डोस कमी करावा लागू शकतो. आणि ताप किंवा धाप असेल त्या दिवशी सुई घेऊ नका.