आजोबांचे दीर्घ आयुष्य कागदावर कसे उतरवावे

नव्वदी गाठलेले आजोबा गेल्यावर त्यांच्याविषयी बोलणारी माणसे पुष्कळ असतात; पण त्यांचे ऐन उमेदीचे दिवस प्रत्यक्ष पाहिलेले माणूस बहुधा एकच उरलेले असते, आणि ते म्हणजे आजी. म्हणून स्मरणलेख लिहायला घेताना सुरुवात तिच्यापासून करावी. मात्र तेराव्यापर्यंतच्या दिवसांत तिला प्रश्न विचारू नयेत. त्या दिवसांत घर माणसांनी भरलेले असते, तेव्हा भेटायला येणारे जे सहज सांगून जातात, ते सांगणाऱ्याच्या नावासह एका वहीत टिपून ठेवावे. तेराव्याला वाचण्यासाठी एक पान पुरते. खरा लेख वर्षश्राद्धासाठी ठेवावा, कारण तो लिहायला तेवढा अवधी लागतो.

आजीशी बोलायला दुपारच्या चहानंतरची वेळ बरी. तिची परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज मुद्रित करावा आणि अर्ध्या तासात थांबावे. ‘त्यांचं तुझ्यावर किती प्रेम होतं?’ असे विचारल्यास ती डोळ्यांना पदर लावील आणि पुढे काही बोलणार नाही. त्याऐवजी नळाला पाणी किती वाजता यायचे आणि ते कोण भरायचे, पगाराचे पाकीट कोणाच्या हाती पडायचे, ती माहेरी गेली की घरात चूल कोण पेटवायचे, असे विचारावे. लालबागच्या एका चाळीतील आजींनी पाण्याच्या प्रश्नावर सांगितले की, पाणी पहाटे चारला यायचे, ‘हे’ सात वाजताच्या पाळीला जायचे, तरी तीन बाळंतपणांच्या वेळी त्यांनी हंडा-कळशीला हात लावू दिला नाही. मजल्यावरच्या बायका हसायच्या, हे खाली मान घालून पाणी भरायचे. पत्नीवर जिवापाड माया करणारा नवरा दाखवायला एवढा मजकूर पुरेसा आहे, आणि तो आजीच्याच शब्दांत ठेवावा. तिने आयुष्यभर नवऱ्याचे नाव घेतले नसेल, तर लेखातही तिच्या तोंडी ‘हे’ असेच राहू द्यावे. लग्नात किंवा हळदीकुंकवाला तिने घेतलेला उखाणा आठवत असेल, तर तो मात्र आवर्जून विचारावा आणि नावासह जसाच्या तसा छापावा.

सनावळीचे काम चिकाटीचे आहे. त्या पिढीतील अनेकांची शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती सोयीने लिहिलेली असते. खरा जन्म घरच्यांना तिथीने ठाऊक असतो, जसे की ‘नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी’. वर्ष ठरले की जुन्या पंचांगावरून तारीख काढता येते. लेखात दाखल्यावरची आणि खरी अशा दोन्ही द्याव्यात. सहस्रचंद्रदर्शन झाले असल्यास त्याच्या निमंत्रणपत्रिकेवर जन्मतिथी सापडण्याचा संभव असतो. पण समारंभाच्या दिवसावरून मागे मोजून जन्म ठरवू नये. हजार पौर्णिमा साधारण ८० वर्षे १० महिन्यांनी पूर्ण होतात आणि अनेक घरांत हा सोहळा ८० पूर्ण होताच उरकतात.

इतर घटनांसाठी मुंबईच्या आठवणींचा आधार घ्यावा. आजी वर्ष सांगणार नाही, पण ‘गोदीत स्फोट झाला तेव्हा हे शाळेत होते’ असे सांगेल. तो दिवस १४ एप्रिल १९४४. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी पुकारला गेला आणि महापुराचा दिवस २६ जुलै २००५ हा होता. थोरल्या मुलाचे बारसे ट्राम बंद झाली त्या उन्हाळ्यात झाले असेल, तर १९६४ हे साल पक्के होते, आणि त्याच्या पुढच्या-मागच्या गोष्टी आपोआप जागेवर बसू लागतात.

आता कागद. रेशनकार्ड, भाडेपावत्या, गिरणीचे किंवा कार्यालयाचे ओळखपत्र, प्रॉव्हिडंट फंडाच्या चिठ्ठ्या, विम्याच्या पावत्या यांतून पत्ते आणि नोकरीची वर्षे मिळतात. पण कोकणातून आलेल्या चाकरमान्याच्या पत्र्याच्या पेटीतील सर्वांत मोलाचा ऐवज म्हणजे मनीऑर्डरच्या परत आलेल्या पोचपावत्या. पैसे पोचल्याची खूण म्हणून घेणाऱ्याची सही किंवा अंगठा असलेली ती चिठ्ठी पाठवणाऱ्याकडे येत असे. तिच्यावर रक्कम असते, टपाल कचेरीचा शिक्का असतो आणि कधी पणजोबांच्या अंगठ्याची निळी खूणही असते. अशा पावत्या महिन्यांप्रमाणे लावल्या, तर कोणत्या महिन्यात रक्कम घटली आणि भातलावणीच्या वेळी ती कशी वाढली, हे दिसते, आणि त्यावरून आजोबांचा स्वभाव कोणत्याही विशेषणापेक्षा अधिक कळतो. कागद आणि जुनी छायाचित्रे खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता मोबाइलवर टिपावीत. छायाचित्राच्या मागच्या बाजूचाही फोटो घ्यावा, कारण नावे आणि स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो.

लिहिताना ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’, ‘मनमिळाऊ’ हे शब्द पहिल्या खर्ड्यात आले तरी चालतील. दुसऱ्या खर्ड्यात प्रत्येकाच्या जागी एक प्रसंग ठेवावा आणि प्रसंग सापडला नाही तर तो शब्द काढून टाकावा. नातवंडांचे प्रसंग सर्वांत सोपे असतात आणि म्हणूनच लेखात त्यांची गर्दी होते. प्रत्येक नातवंडाकडून एकच आठवण घ्यावी, तीही अशी की जी दुसऱ्या कोणाची असू शकणार नाही. शेवटच्या आजारपणाला दोन वाक्ये पुरेत. नव्वद वर्षांच्या आयुष्यात रुग्णालयातल्या दिवसांना त्याहून मोठा वाटा देणे मला अन्यायाचे वाटते.

कठीण काळ मात्र टाळू नये. संपात आजोबांची नोकरी गेली असेल, तर तसे स्पष्ट लिहावे आणि त्यानंतर घर कसे चालले हेही लिहावे. ज्या घरात आजीने खानावळ चालवली आणि काल-परवापर्यंत गिरणीत साच्यावर (मागावर) उभे राहिलेले आजोबा सकाळी बाजारातून भाजी आणून ती तिच्याशेजारी बसून निवडू लागले, त्या घराच्या लेखात तो काळ सर्वांत मोठा असायला हवा, कारण त्या दोघांच्या संसाराची खरी पारख तिथे झाली. भाऊबंदकीचे वाद किंवा कोणाच्या उधारीचा हिशेब यांना मात्र या लेखात जागा देऊ नये. जिवंत माणसांची उणीदुणी काढायला आजोबांचे नाव वापरणे योग्य नाही.

लेख पूर्ण झाला की छापण्यापूर्वी आजीला संपूर्ण वाचून दाखवावा, तोही एकट्यात, सगळ्या गोतावळ्यासमोर नव्हे. ती तारखा दुरुस्त करील, नावे सांगेल, आणि एखादा मजकूर नको म्हणेल. तो मुकाट्याने गाळावा आणि त्याचे कारण विचारू नये. अक्षराचा टाइप तिला चष्म्याने वाचता येईल इतका मोठा घ्यावा. छापताना घरांच्या संख्येपेक्षा थोड्या अधिक प्रती काढाव्यात, एक प्रत गावच्या घरी आणि एक चाळीच्या किंवा सोसायटीच्या कार्यालयात द्यावी, आणि शेवटी दोन कोरी पाने बांधून घ्यावीत. वर्षश्राद्धाला जमलेली माणसे लेख वाचल्यावर आणखी काही सांगू लागतात, ते त्या पानांवर त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घेता येते.