टायर आतून घासत होता, लिफ्ट करूनसुद्धा

जीप २ इंच उचलली, ३१ इंची टायर टाकले आणि खूश होतो, पण पहिल्याच रविवारी चोर्ला घाटात वळणावर स्टिअरिंग पूर्ण कापलं की खर्र्र आवाज, टायर आतल्या बाजूने लीफ स्प्रिंगला लागायचा. लिफ्टने उंची मिळते हो, बाजूची जागा नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग रिम काढून पालथं घातलं, आतल्या कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवली आणि तिथून हबला (चाक जिथे बोल्टने बसतं तो भाग) टेकणाऱ्या भागापर्यंत मोजलं, साडेपाच इंच. हेच बॅकस्पेसिंग. फोंड्याचा मेकॅनिक म्हणाला पात्रांव, स्पेसर, म्हणजे हब आणि रिमच्या मध्ये बसणारी जाड चकती घाला, पण मला हबवर अजून एक जोड नको होता. तेवढ्याच ८ इंची रुंदीचे पण साडेचार बॅकस्पेसिंगचे, म्हणजे झिरो ऑफसेटचे (हबला टेकणारा भाग रिमच्या बरोबर मध्यावर) रिम घेतले, टायर इंचभर बाहेर सरकला आणि आवाज बंद.

आता टायर बाहेर आल्यामुळे खड्ड्यात मडगार्डला पुढून थोडा लागत होता, तेवढी कड कापली. स्टिअरिंग जरा जड झालंय, बेअरिंगवर लोडही वाढतो, म्हणून त्याहून कमी बॅकस्पेसिंगच्या नादाला लागलो नाही, मित्राचे टायर इतके बाहेर आहेत की पावसात चिखल थेट काचेवर!