म्हाताऱ्या सशाला निरोप देण्याची वेळ कशी ओळखावी

दुखतंय हे ससा चेहऱ्यावर दाखवत नाही. शिकार होणारा प्राणी तो, अशक्त दिसला की संपला. म्हणून ‘फारच झालं की कळेलच’ या भरवशावर राहिलात तर उशीर होणार. घरातला ससा साधारण 8 ते 12 वर्षं जगतो. सातवं लागलं की नोंदींची एक वही सुरू करा.

दर रविवारी वजन करा. काट्यावर टोपली ठेवून आकडा शून्यावर आणा, मग ससा बसवा. दोन किलोचा ससा 1,800 ग्रॅमवर आला की दवाखाना गाठायचा. फरमुळे हाडं दिसत नाहीत, म्हणून पाठीचा कणा हाताने चाचपा. रोज लेंड्या बघा: बारीक झाल्या, कमी झाल्या, की लिहून ठेवा. कोथिंबिरीची जुडी उघडल्यावर तो धावत येतो का, तेही लिहा.

12 तास काहीच खाल्लं नाही, तर ती तातडीची वेळ आहे, शेवटाची नव्हे. इथेच गल्लत होते. दाढांना टोक आलेलं असतं किंवा आतड्यांची हालचाल मंदावलेली असते, आणि घरचे म्हणतात, वय झालं. त्यामुळे दयामरणाच्या निर्णयाआधी दाढा तपासून घ्या, एक्स-रे काढा आणि पशुवैद्यांनी दिलेलं वेदनाशामक आठ-दहा दिवस देऊन बघा. सांधेदुखीचा ससा मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकावर पुन्हा उड्या मारू लागलेला दिसतो. डोस मात्र सशांवर उपचार करणाऱ्याकडूनच घ्या. किलोमागे कुत्र्याला देतात तेवढा त्याला सहसा पुरत नाही. घरातल्या गोळ्या देऊ नका.

उपचारांनंतरही उतार दिसत नसेल तर अमेरिकन पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची मोजपट्टी वापरा. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा जास्त चांगले दिवस, प्रत्येकाला 10 पैकी गुण; 10 म्हणजे सगळं ठीक, वेदनेच्या बाबतीतही. बेरीज 35 च्या वर असेल तर सांभाळत राहता येतं. पट्टी मुळात कुत्र्या-मांजरांसाठी केलेली. सशाच्या बाबतीत भूक किंवा वेदनेला 2-3 गुण मिळत असतील तर बाकीची बेरीज बघत बसू नये. पावसाळ्यात स्वच्छतेचे गुणही कडक द्या. शेपटीखाली ओल राहिली की माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या कातडी पोखरू लागतात.

‘झोपेत आपोआप जाईल’ अशी आशा सगळेच धरतात. सशात त्याचा अर्थ बहुधा दिवसचे दिवस उपाशी राहून जाणं असा होतो.

दिवस ठरवण्याआधी पशुवैद्यांना एकच प्रश्न विचारा: आधी भूल देणार ना? क्रम असा हवा: भुलीचं इंजेक्शन किंवा गॅस, पूर्ण बेशुद्धी, मग कानाच्या शिरेतून शेवटचं औषध. शुद्धीवर असताना थेट छातीत सुई घालणार असतील तर दुसरा दवाखाना शोधा. त्याला उपाशी नेऊ नका. ससा ओकत नाही, त्यामुळे भुलीआधी पोट रिकामं लागत नाही. गेल्यावरही डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा स्नायू फडफडतो. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा.

जोडीदार ससा असेल तर देह तासभर त्याच्याजवळ ठेवा. तो हुंगतो, चाटतो, कधी ढुंकूनही बघत नाही.

पुरायचं असेल तर खड्डा किमान तीन फूट खोल घ्या आणि वर दगड रचा. शेवटचं म्हणून दिलेलं पेंटोबार्बिटलसारखं औषध देहात टिकून राहतं, उकरून खाणारं कुत्रं किंवा घार त्यानेच मरू शकते. कचऱ्यात तर टाकूच नका. शहरात जागा नसेल तर पाळीव प्राण्यांच्या दहनाची सोय कुठे आहे, हे दवाखान्यात आधीच विचारून ठेवा.