ढग पाहून धावपळ नको: वावधनाच्या दिवसांत या चुका टाळा

चक्रीवादळ म्हटलं की आपल्याला कोकण नाहीतर ओडिशा आठवतो. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, म्हणून वादळाची तयारी हे आपलं कामच नाही असं गावात सगळे धरून चालतात. पण समुद्रावर वारा ताशी 62 किलोमीटरच्या घरात गेला की त्याला चक्रीवादळ म्हणतात, आणि एप्रिल-मे महिन्यात विदर्भातल्या जिल्ह्यांना जे इशारे येतात त्यांत कित्येकदा 50 ते 60 किलोमीटर वेगाचे वारे लिहिलेले असतात. खरा फरक वेळेचा आहे. किनाऱ्यावर 48 तास आधी इशारा पोहोचतो. आपल्या वावधनाचा, म्हणजे उन्हाळ्यातल्या अचानक येणाऱ्या वादळी वाऱ्याचा, नेमका अंदाज हवामान खातं पुढच्या 3 तासांपुरताच देऊ शकतं. दुपारी 3 पर्यंत ऊन रखरखतं आणि 5 वाजता टिनं उडतात. म्हणून इथली सगळी कामं कोरड्या, शांत दिवशीच उरकावी लागतात.

टिनावर दगड ठेवणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती जवळपास प्रत्येक घरावर दिसते. आमच्याही होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या छपरीवर बाबा दर उन्हाळ्यात दगड आणि फुटक्या विटा चढवायचे. एका मे महिन्यात संध्याकाळी वारा समोरून छपरीत शिरला. कोपऱ्यातलं टिन दोन-तीनदा फडफडलं, मग हूक उपसला आणि टिन पानासारखं उलटलं. त्यावरचा दगड खाली बाजेवर आला. बाजेची नवार फाटून तो जमिनीत रुतला. पाचच मिनिटांआधी आईनं तिथून पुतणीला उचलून आत नेलं होतं.

वारा टिनाला वरून दाबत नाही. तो खालून शिरून टिन उचलतो, आणि वरून सुसाट जाणारा वारा त्याला ओढतो. चार दगडांचं वजन त्यापुढे टिकत नाही, उलट तेच दगड माणसाच्या डोक्यावर येतात.

त्याऐवजी मार्च संपायच्या आत शिडी लावून एकेक हूक हातानं हलवून बघा. सैल असेल तर आवळा, गंजला असेल तर बदला, डांबरी वायसर फाटला असेल तर तोही बदला. टिन उडायला सुरुवात होते ती कडेला आणि कोपऱ्यात, म्हणून तिथं हूक जवळजवळ घ्या. खालच्या कडेवरून एक लांब पाइप आडवा टाकून तो जाड तारेनं खांबांना बांधला तर फार आधार मिळतो. मात्र खांब जमिनीत पक्के गाडलेले हवेत, नाहीतर छपरी खांबासकट जाते. यंदा एवढा खर्च झेपत नसेल तर रेतीची पोती दोरानं जोडून टिनाच्या दोन्ही बाजूंना लोंबती सोडा. हा तात्पुरता उपाय आहे, पण दगडांपेक्षा नक्की बरा.

वाऱ्याकडचं दार उघडं ठेवणं

"वारा इकडून आला की तिकडून निघून जाते" असं म्हणून दार उघडं ठेवणारे आहेत. वारा घरात शिरला की आतून छताला वर ढकलतो, आणि बाहेरून ओढ सुरूच असते. आई अजूनही पहिला झोत आला की ओरडते, "पयले दार लावा बाप्पा!" तिचं अगदी बरोबर आहे. दार लावा, आतून अडसर घाला आणि घरात पक्क्या भिंतींची खोली असेल तर सगळे तिथं बसा.

गारवा आला म्हणून अंगणात येणं

दिवसभर 45 अंशात भाजून निघाल्यावर थंड वाऱ्याची झुळूक आली की आपण बाज बाहेर टाकतो. पोरं आंब्याखाली पाड वेचायला पळतात. पण तो गारवा ढगातून कोसळलेल्या थंड हवेचा असतो. ती जमिनीवर आपटून पसरते आणि पावसाच्या आधी पोहोचते. अचानक थंड वारा आणि धुळीचा लोट आला, म्हणजे हातात काही मिनिटंच उरली. पोरांना तेव्हा आत घ्यायचं असतं.

जुन्या झाडाशेजारच्या शेडमध्ये थांबणं

अकोला जिल्ह्यातल्या पारसला 9 एप्रिल 2023 च्या रात्री वादळी पाऊस सुरू झाला. मंदिरात आलेले भाविक टिनाच्या शेडखाली थांबले. शेजारचं जुनं कडुनिंब शेडवर कोसळलं आणि 7 जण गेले. ती माणसं आडोशाला गेली होती, आपणही तिथंच गेलो असतो. म्हणून घरावर झुकलेली, पोखरलेली, वाळकी फांदी आत्ताच उतरवून घ्या. फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर स्वतः कुऱ्हाड घेऊन चढू नका, लाइनमनला सांगून लाइन बंद करून घ्या.

विजेबद्दलचे गैरसमज

वावरात काम चालू असताना धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, एकट्या झाडाखाली जाऊन उभं राहणं जिवावर बेततं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर काम सोडून पक्क्या घरात जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. घर लांब असेल तर एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवं झोपू नका, कारण पडलेली वीज जमिनीतून पसरते.

खिशातल्या मोबाइलमुळे वीज अंगावर ओढली जात नाही. तो चार्जरला लावून बोलणं मात्र धोक्याचं आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजेची सूचना देतं. घरातल्या एकाच्या तरी फोनमध्ये ते असू द्या.

वीज लागलेल्या माणसाला शेणात ठेवा म्हणणारे अजून भेटतात. त्यात जीव वाचवायची मिनिटं जातात. त्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही, त्याला हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर लगेच छातीच्या मधोमध जोरानं, भरभर दाबत राहा आणि दुसऱ्याला 108 लावायला सांगा.

कपडे वाळवायची लोखंडी तार

ही तार एका टोकाला छपरीच्या टिनाला आणि दुसऱ्या टोकाला विजेच्या खांबाला बांधलेली असते. वाऱ्यात खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर टिनावर घासते, तिचं आवरण सोलतं आणि टिनासकट कपड्यांची तार करंटमध्ये येते. सकाळी ओलं लुगडं टाकायला गेलेली बाई चिकटते. ती तार आजच काढा आणि नायलॉनची दोरी बांधा. सर्व्हिस वायर कुठं टेकते तेही बघून घ्या.

घरात आणि ढोरांच्या कोठ्यात

लाइन दोन-तीन दिवस गेली की बोअर बंद, नळाची टाकी रिकामी आणि चक्कीही बंद. म्हणून आठवड्याचं पीठ दळून ठेवा, पाण्याचे पिंप भरून झाका, बॅटरी आणि फोन दुपारीच चार्ज करा. रोजच्या गोळ्या, आधार, पासबुक, सातबारा झाकणाच्या डब्यात ठेवा. ताडपत्री, दोर आणि विळा एकाच ठिकाणी हवेत, अंधारात शोधत बसायची वेळ येऊ नये.

ढोरं झाडाला बांधून घरी येऊ नका. कोठा पडका असेल तर दावं सोडून द्या, नाहीतर ओढली तर सुटेल अशी गाठ मारा. कुटाराची (भुशाची) गंजी दोरांनी आवळून टोकांना वजन लटकवा.

सकाळी घाईनं आवरायला लागणं

पडलेल्या तारेला, किंवा तिला टेकलेल्या टिनाला आणि कुंपणाला, हात लावू नका, काठीनंही नाही. लांब थांबा, पोरं-ढोरं अडवा आणि महावितरणला 1912 वर कळवा. मग आवरण्याआधी फोटो काढा: घर, कोठा, मेलेलं जनावर, झोपलेलं पीक, जसं आहे तसं. तलाठ्याला त्याच दिवशी सांगा. आम्ही त्या वर्षी टिनं सकाळीच गोळा करून रचून ठेवली होती, आणि पंचनाम्याला दाखवायला आमच्याकडे नीट रचलेली टिनंच उरली होती.