गव्यांची झुंज पाहताना पाखरांवर नजर ठेवावी

चांदोलीच्या जंगलात दोन गव्यांची झुंज पाहण्याचा योग आल्यास आधी आसपासच्या पाखरांकडे पाहावे. सांगली, साताऱ्यासह चार जिल्ह्यांत पसरलेले हे राष्ट्रीय उद्यान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग असल्यामुळे वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या हवाच. गाडीतून मात्र उतरू नये.

गव्याचा पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या आसपास भरू शकतो आणि, कदाचित म्हणूनच, थेट टक्कर शक्यतो टाळतो. दोघे एकमेकांना आडवी बाजू दाखवत, पाठीचा उंचवटा मिरवत संथपणे फिरत राहतात आणि बहुतेक वेळा दुबळ्याने माघार घेतली की प्रकरण तिथेच मिटते. नवख्याला हे कंटाळवाणे वाटते. खरी लढत तीच असते.

गवतातून उडणारे किडे टिपायला आलेले कोतवाल आणि साळुंक्या जवळच निवांत वावरत असतील, तर अजून धुसफूसच चालू आहे असे समजावे. ती पाखरे एकदम उधळली, तर शिंगे भिडण्याची शक्यता धरून चालकाला गाडी हळूच मागे घ्यायला सांगावे. सातभाई भलत्याच दिशेला तोंड करून कलकलाट करू लागले, तर तिकडे बिबट्याही असू शकतो. हरलेला नर बेभान पळतो, म्हणून त्याची वाट मोकळी ठेवावी.