ल्युपस शिकायचाय? मेलेल्या पेशीपासून सुरुवात करा

एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षी इम्युनॉलॉजी मी यादी पाठ करावी तशी केली. बी पेशीचं काम, टी पेशीचं काम, न्यूट्रोफिलचं काम, असं एकेका पांढऱ्या रक्तपेशीचं. पेपर चांगला गेला. मग ऐन नवतप्यात माझ्या आतेबहिणीच्या दोन्ही गालांवर लाल चट्टे उठले, बोटांचे सांधे सुजले आणि तपासण्यांअंती ल्युपस निघाला, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. ती म्हणाली, "ताई, ऊन तर तोंडाला लागलं, मग सांधे कशानं दुखतात?" मला सांगता आलं नाही.

नागपुरात हा विषय नव्याने घेणाऱ्यांना मी याच प्रश्नापासून सुरुवात करायला सांगते. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात. एरवी मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी हा कचरा गुपचूप उचलतात. सी१क्यू नावाचं प्रथिन त्यांना मदत करतं. ते जन्मतःच नसेल तर बहुतेकांना ल्युपस होतो, इतकी ही साफसफाई महत्त्वाची. ती रखडली की पेशीकेंद्रातला डीएनए उघड्यावर पडतो, आणि ल्युपसमध्ये बी पेशी त्याच्याविरुद्धच अँटीबॉडी बनवतात. या डीएनएचा माग काढत वहीत बाण काढत जा.

मी अडकले ती जागा सांगते, कारण तिथे बरेच जण अडकतात. टी पेशी डीएनए ओळखत नाही, तिला प्रथिनाचा तुकडा लागतो. मग डीएनएविरुद्धच्या अँटीबॉडीसाठी ती मदत कशी करते? डीएनए एकटा नसतो, हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. बी पेशी डीएनए पकडते, अख्खं गाठोडं गिळते आणि हिस्टोनचा तुकडा टी पेशीपुढे धरते. टी पेशी तिला सीडी४० लिगँड आणि इंटरल्युकिन-२१ या रेणूंमार्फत बळ देते, आणि अँटीबॉडी सुटतात. हे उमगलं त्या दिवशी मला इम्युनॉलॉजी खऱ्या अर्थानं आवडू लागली.

पुढे अँटीबॉडी आणि डीएनएचे गठ्ठे प्लाझ्मासायटॉइड डेन्ड्रिटिक नावाच्या पहारेकरी पेशी गिळतात. आत टीएलआर९ या डीएनए ओळखणाऱ्या प्रथिनाला तो विषाणूचा डीएनए वाटतो आणि इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणू आल्याचा इशारा देणाऱ्या प्रथिनाचा, पूर येतो. त्यानं चेतलेले न्यूट्रोफिल स्वतःचाच डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात. म्हणजे पुन्हा कचरा, पुन्हा गठ्ठे. वर्तुळ पूर्ण होतं. हे इंटरफेरॉन रक्तातून अंगभर फिरतं, गठ्ठे मूत्रपिंडाच्या गाळणीतही अडकतात. म्हणून चट्टा गालावर असला तरी सांधे दुखतात आणि लघवीची तपासणी सांगतात.



एएनए (पेशीकेंद्राविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपसच, असं मात्र कुणाला सांगू नका. निरोगी माणसांतही ती पॉझिटिव्ह येते, आणि घाबरलेल्या घरात अर्धवट ज्ञान फार त्रास देतं.

औषधं वेगळी पाठ करू नका, त्याच बाणांवर लिहा. अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालेलं बेलिमुमॅब बी पेशींना जगवणाऱ्या बॅफवर, २०२१ चं अनिफ्रोलुमॅब इंटरफेरॉनच्या रिसेप्टरवर. माझी वही आतेबहिणीनं मागून घेतली. "माझी गोळी कुठे आहे यात?" तिची हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन. मी टीएलआर९ वर बोट ठेवलं.